एका डिस्कवर आलेला मिरर: लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेडची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने

निपाणीतील एखादा छापखाना उदाहरण म्हणून घेऊ. मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रेची हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशा कित्येक वर्षांच्या फाइली कोपऱ्यातील एका लिनक्स संगणकावर साठवलेल्या आहेत आणि त्या संगणकात प्रत्येकी २ टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क मिरर करून बसवल्या आहेत. एका डिस्कवर जे लिहिले जाते ते दुसरीवरही लिहिले जाते. यालाच रेड १ म्हणतात. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, हा मिररचा गुण आहे. काम थांबत नाही म्हणूनच डिस्क गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ऐन लग्नसराईत सगळा धंदा महिनोन् महिने एकाच डिस्कच्या भरवशावर चालू राहतो.

अशा वेळी करायच्या दुरुस्तीचे टप्पे येथे दिले आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच धोरण आहे: शिल्लक राहिलेल्या चांगल्या डिस्कला कोणत्याही टप्प्यावर धक्का लागता कामा नये. बिघडलेली डिस्क आधीच गेलेली असते, तिचे आणखी नुकसान व्हायचे नाही. माहिती कायमची जाते ती घाईत चुकीची डिस्क उपसल्यामुळे किंवा रिकाम्या डिस्कचा विभागणीचा आराखडा भरलेल्या डिस्कवर उतरवल्यामुळे. लेखात कमांड आणि त्यांचे पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, रूटच्या अधिकाराने आणि पूर्ण शब्दाच्या पर्यायांच्या आधी दोन आडव्या रेघा देऊन लिहावयाचे आहेत. उदाहरणात चांगली डिस्क एसडीए, बिघडलेली एसडीबी आणि मिरर एमडी० असे धरले आहे. आपल्या संगणकावर ही नावे नेमकी उलटी असू शकतात, हे प्रत्येक कमांड देण्यापूर्वी आठवावे.

स्थिती वाचणे

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे प्रॉक या फोल्डरातील एमडीस्टॅट ही फाइल. 'कॅट' कमांडने ती उघडली की प्रत्येक मिररसाठी दोन-तीन ओळी दिसतात. मिरर धडधाकट असेल तर चौकटी कंसात 'दोनपैकी दोन' असे अंक आणि शेजारच्या कंसात यू हे अक्षर दोनदा दिसते. एक डिस्क बाद झाली असेल तर अंक 'दोनपैकी एक' होतात आणि एका यूच्या जागी अधोरेषा येते. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्क सदोष ठरवली असेल तर तिच्या पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागाच्या) नावापुढे गोल कंसात एफ हे अक्षरही असते. अधोरेषा आहे पण सदोष पार्टिशनचे नावच यादीत नाही, असेही घडते. त्याचा अर्थ संगणक सुरू होताना ती डिस्क सापडलीच नाही.

त्यानंतर एमडीएडीएम हे साधन 'डिटेल' पर्यायासह चालवावे. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचा सगळा कारभार याच साधनातून होतो. ते नील ब्राऊन यांनी लिहिले. त्याच्या उत्तरात स्थितीच्या ओळीवर 'क्लीन, डिग्रेडेड' असे शब्द येतात आणि तळाशी कोणते पार्टिशन चालू, कोणते 'फॉल्टी' आणि कोणती जागा 'रिमूव्हड' आहे याचा तक्ता येतो. बहुतेक संगणकांवर एकाच डिस्कजोडीवर दोन-तीन मिरर असतात: एक बूटसाठी, एक स्वॅपसाठी (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या जागेसाठी), एक माहितीसाठी. त्यांपैकी एकच तुटलेला आणि बाकीचे शाबूत असेही आढळते, म्हणून सर्वांची स्थिती पाहावी. हे सारे पडद्यावरील उत्तर एखाद्या पेनड्राइव्हवर जतन करावे किंवा सरळ मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढे काही अडले तर मदतीला येणारा माणूस सर्वांत आधी हेच विचारतो.

आधी बॅकअप

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून तत्क्षणी पुसली जाते. परंतु तुटलेल्या मिररच्या बाबतीत बॅकअप आधी घेण्याचे आणखी एक कारण आहे. नवी डिस्क भरताना जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरील माहितीचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. जिथे वर्षानुवर्षे कोणी फिरकले नाही असे भागही त्या वेळी वाचावे लागतात आणि तिथे दडलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघड होतात. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतील तर दोघींचे वयही सारखेच असते. म्हणून बाहेरील यूएसबी डिस्क जोडून 'आरसिंक'ने महत्त्वाच्या फाइली उतरवून घ्याव्यात आणि त्यातील चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नवी डिस्क हाती नसली तरी हे काम त्याच दिवशी करता येते आणि करावेच.

दोष डिस्कचा, केबलचा की विजेचा

मिररमधून बाहेर फेकली गेलेली प्रत्येक डिस्क खराबच असते असे नाही. आपल्या भागात वळवाच्या पावसात विजा कडाडतात, वीज क्षणभर जाऊन येते आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर तेवढ्या झटक्याने एखादी डिस्क प्रतिसाद देईनाशी होते. खानापूरकडच्या दमट हवेत साटा केबलचे टोक काळवंडणे किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्याला लागून असलेल्या कार्यालयात संगणकाच्या पेटीत धूळ साचणे, यांतूनही तेच लक्षण दिसू शकते. तेव्हा नवी डिस्क आणण्यापूर्वी निदान करावे.

'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल'मध्ये कर्नलच्या नोंदी पाहाव्यात आणि त्यातील वेळा त्या दिवशीच्या वीज जाण्या-येण्याशी ताडून पाहाव्यात. मग 'स्मार्टसीटीएल' हे साधन ए या लहान अक्षराच्या पर्यायासह डिस्कवर चालवावे. येणाऱ्या लांबलचक तक्त्यातील चार ओळी महत्त्वाच्या. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर आणि क्रमांक १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले सेक्टर. या तिन्ही ओळींच्या अखेरच्या रकान्यात शून्य असावे. १९७ वा १९८ मध्ये आकडा असेल किंवा ५ मधील आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर ती डिस्क बदलावीच. याउलट हे तिन्ही आकडे शून्य आणि क्रमांक १९९ चा आकडा मात्र मोठा असेल तर संशय केबलवर घ्यावा, कारण ही ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वहनातील चुका मोजते. हा आकडा केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे असते. तक्त्याच्या वर 'पास्ड' असे लिहिलेले असते, त्यावर मात्र विसंबू नये. मरायला टेकलेल्या डिस्कही तो शिक्का मिरवतात.

आणखी एक कारण घरगुती वापराच्या डिस्कमध्ये आढळते. खराब सेक्टर वाचण्यासाठी अशी डिस्क मिनिटभर, कधी त्याहूनही अधिक काळ झटत राहते. कर्नल मात्र साधारण ३० सेकंदांनी वाट पाहणे सोडतो आणि डिस्क बाद ठरते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये ही धडपड साधारण ७ सेकंदांत थांबवण्याची सोय असते. आपल्या डिस्कमध्ये ती नसेल तर सिस फोल्डरात त्या डिस्कच्या नावाखाली असलेल्या 'टाइमआउट' फाइलमध्ये ३० ऐवजी १८० लिहावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा बदल पुसला जातो, म्हणून तो सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच घालावा.

दोष विजेचा किंवा केबलचा होता अशी खात्री पटली तर संगणक बंद करून केबल बदलावी, पुन्हा सुरू करावा आणि एमडीएडीएम, मिररचे नाव, 'री-अ‍ॅड' आणि पार्टिशनचे नाव अशी कमांड द्यावी. मिररवर बिटमॅप, म्हणजे अलीकडे कुठे कुठे लिहिले गेले याची नोंदवही, चालू असेल तर तेवढेच बदललेले भाग भरले जातात आणि काम बहुधा काही मिनिटांत उरकते. बिटमॅप नसेल तर 'री-अ‍ॅड' नाकारले जाते. मग 'अ‍ॅड' वापरून संपूर्ण डिस्क नव्याने भरावी लागते. केबल बदलूनही तीच डिस्क पुन्हा बाहेर पडली तर तिला आणखी संधी देण्यात अर्थ नाही.

याच बैठकीत चांगल्या डिस्कचेही 'स्मार्टसीटीएल' पाहावे आणि शक्य तर तिची दीर्घ चाचणी लावावी. तिला काही तास लागतात, पण त्या काळात नेहमीचे काम चालू ठेवता येते. चांगल्या डिस्कवरच १९७ चा आकडा दिसला तर मिररच्या दुरुस्तीला हात घालू नये. बॅकअप पूर्ण करावा आणि 'डीडीरेस्क्यू'ने तिची प्रत नव्या डिस्कवर काढावी. हे साधन वाचता येणारे सर्व आधी उतरवून घेते, अवघड जागा शेवटी ठेवते आणि कुठपर्यंत पोहोचलो याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

नवी डिस्क

नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी. वेष्टनावर दोन्हींवर २ टेराबाइट लिहिलेले असले तरी दोन कंपन्यांच्या डिस्कमध्ये काही सेक्टरांचा फरक असू शकतो आणि पार्टिशन एवढ्याशाने लहान पडले तरी एमडीएडीएम ते नाकारते. म्हणून बाइटचा आकडा पाहावा. दुसरे म्हणजे एसएमआर पद्धतीची डिस्क घेऊ नये. अशा डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठे लेखन आले की वेग कोसळतो आणि मिरर भरायला तासांऐवजी दिवस लागू शकतात. सीएमआर पद्धतीचीच डिस्क मागावी. दुकानदाराला हा फरक ठाऊक नसेल तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे.

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. पण योग्य मॉडेल हवे त्या दिवशी हवे त्या दुकानात असेलच असे नाही. खानापूर किंवा जांबोटीच्या बाजूला भर पावसात कुरिअरही उशिरा पोहोचते. ज्यांचा रोजचा धंदा या संगणकावर चालतो त्यांनी एक जादा डिस्क कपाटात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हमीत असलेली बिघडलेली डिस्क परत पाठवतानाही विचार करावा. पतसंस्थेच्या सभासदांची नावे, खाती आणि शिलका तिच्यासोबत बाहेर जातात. डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट केलेली नसेल तर हमीवर पाणी सोडून ती फोडून टाकलेली बरी.

डिस्क ओळखणे आणि काढणे

एसडीए, एसडीबी ही नावे कायमची नसतात. केबलची जागा बदलली किंवा एक डिस्क नाहीशी झाली की पुढच्या वेळी तीच नावे भलत्या डिस्कला मिळू शकतात. खरी ओळख सीरियल क्रमांकाची. 'एलएसबीएलके' कमांडला नाव, आकार, मॉडेल आणि सीरियल हे रकाने मागितले की कोणत्या नावामागे कोणता क्रमांक आहे ते दिसते. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. बिघडलेली डिस्क पूर्ण गप्प झाली असेल तर तिचा क्रमांक मिळणार नाही. मग चांगल्या डिस्कचा क्रमांक लिहून घ्यावा आणि पेटी उघडल्यावर तो ज्या डिस्कच्या लेबलवर आहे तिला हात लावू नये. लेबल बहुधा आतल्या बाजूला, दिव्याशिवाय न दिसणारे असते. डिस्क बाहेर आहेच तर क्रमांकाचे शेवटचे चार अक्षर-अंक कागदाच्या पट्टीवर लिहून तिच्या दर्शनी कडेला चिकटवावेत.

डिस्क काढण्याआधी मिररला तसे सांगावे लागते. एमडीएडीएम, मिररचे नाव, 'फेल' आणि बिघडलेले पार्टिशन. मग त्याच रीतीने 'रिमूव्ह'. कर्नलने आधीच एफची खूण केली असेल तर फक्त 'रिमूव्ह' पुरते. डिस्क यंत्रणेतून नाहीशीच झाली असेल तर पार्टिशनच्या नावाऐवजी 'डिटॅच्ड' हा शब्द द्यावा. त्या डिस्कवरील प्रत्येक मिररसाठी हे स्वतंत्रपणे करायचे आहे; एमडी० मधून काढले पण एमडी१ मध्ये तिचे पार्टिशन राहून गेले, असे होऊ देऊ नये.

संगणक बंद करण्याआधी एक टप्पा हमखास विसरला जातो. बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, नेमका बिघडलेल्या डिस्कवरच असेल तर ती काढल्यावर संगणक सुरूच होणार नाही. जुन्या पद्धतीच्या बायॉसवर (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) 'ग्रब-इन्स्टॉल' चालू संगणकावरूनच चांगल्या डिस्कवर चालवून घ्यावे. येथे पार्टिशनचे नव्हे तर पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर बूटलोडर ज्यात असतो ते ईएफआय पार्टिशन बहुधा मिररच्या बाहेर असते. ते चांगल्या डिस्कवरही आहे आणि रिकामे नाही, हे पाहावे. सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये बिघडलेल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनची नोंद असेल तर ती बदलावी, अन्यथा सुरू होताना संगणक त्याची वाट पाहत अडून बसेल.

त्यानंतर संगणक बंद करून वीजजोड काढावा, डिस्क बदलावी आणि सोबत तिची साटा केबलही नवी घालावी. पुन्हा सुरू केल्यावर मिरर 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसला तर घाबरू नये. एमडीएडीएम 'रन' पर्यायाने तो एका डिस्कवर चालू होतो. अशा वेळी 'क्रिएट' पर्याय मात्र अजिबात वापरू नये. नवा मिरर बनवून जुनी माहिती परत येईल, असे वाटायला लावणारा हा पर्याय अस्तित्वात असलेल्या नोंदींवरच नव्या नोंदी लिहितो. तसेच मिररच्या एखाद्या सुट्या पार्टिशनवर 'एफएससीके' हे फाइलव्यवस्था तपासणारे साधन चालवू नये. ते चालवायचेच तर संपूर्ण मिररवर, तोही अनमाउंट करून, म्हणजे वापरातून सोडवून.

आराखडा उतरवणे

नव्या डिस्कवर जुनीसारखी पार्टिशन हवीत. सर्वांत धोक्याचा टप्पा हाच, कारण दिशा चुकली की चांगल्या डिस्कचा आराखडा पुसला जातो. सीरियल क्रमांक पुन्हा पाहून नवी डिस्क कोणती याची खात्री करावी. चांगल्या डिस्कचा आराखडा आधी 'एसजीडिस्क'च्या 'बॅकअप' पर्यायाने एका फाइलीत उतरवून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. नंतर जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीच्या डिस्कसाठी 'एसजीडिस्क'चा 'रेप्लिकेट' पर्याय वापरावा. यात पर्यायाला चिकटून येते ते लक्ष्य, म्हणजे नवी रिकामी डिस्क, आणि कमांडच्या शेवटी येतो तो स्रोत, म्हणजे चांगली डिस्क. नेहमीच्या 'कॉपी' कमांडच्या हा क्रम अगदी उलटा आहे. एंटर दाबण्याआधी ही ओळ मोठ्याने वाचून शेजारच्या माणसाला ऐकवावी. प्रत उतरल्यावर त्याच साधनाचा मोठ्या जी अक्षराचा पर्याय नव्या डिस्कवर चालवून तिला स्वतःचे वेगळे ओळखक्रमांक द्यावेत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी 'एसएफडिस्क'ने आराखडा फाइलीत काढून तीच फाइल नव्या डिस्कवर चढवावी.

नवी म्हणून आणलेली डिस्क आधी दुसरीकडे वापरलेली असेल तर तिच्यावर जुन्या रेडच्या खुणा असू शकतात. आराखडा उतरवण्याआधीच 'वाइपएफएस'ने त्या पुसाव्यात, आणि तेथेही क्रमांक पाहूनच.

भरणे

आता एमडीएडीएम, मिररचे नाव, 'अ‍ॅड' आणि नवे पार्टिशन. कमांड देताच भरण सुरू होते आणि एमडीस्टॅटमध्ये 'रिकव्हरी' या शब्दासह टक्केवारी, उरलेली मिनिटे आणि वेग दिसू लागतो. दर सेकंदाला १०० मेगाबाइट वेग धरला तर २ टेराबाइटला साधारण साडेपाच तास लागतात. सुरुवातीचा वेग शेवटपर्यंत टिकत नाही, कारण डिस्कच्या आतल्या वर्तुळांवर वाचन-लेखन मंदावते; त्यामुळे पडद्यावर दिसणारा अंदाज पुढे सरकत गेला तर तो बिघाड समजू नये. एकाच डिस्कजोडीवर अनेक मिरर असतील तर ते एकामागून एक भरले जातात आणि रांगेतील मिररपुढे 'डिलेड' असे दिसते.

कामाच्या वेळेत भरण सुरू केल्यास कर्नल आपण होऊन मागे सरतो. दुकान बंद असताना ते वेगाने उरकावे असे वाटले तर प्रॉक फोल्डरातील 'स्पीड लिमिट मिन' या मूल्यात वाढ करावी. ते मुळात सेकंदाला १,००० किलोबाइट असते. ५०,००० केले तरी चालते. भरण चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने संगणक नीट बंद केला तर सध्याच्या पद्धतीच्या मिररमध्ये काम थांबल्या जागेपासून पुढे सुरू होते. अचानक बंद पडला तर मात्र मिररची स्थिती पुन्हा तपासूनच पुढे जावे. साडेपाच तासांत वीज एकदाही जाणार नाही असे गृहीत धरू नये. इन्व्हर्टर असेल तर संगणक त्यावर जोडून घ्यावा.

चांगल्या डिस्कवर वाचता न येणारा सेक्टर आडवा आला तर भरण अर्धवट थांबू शकते आणि नवी डिस्क 'स्पेअर' म्हणून नुसती बसलेली दिसते. अशा वेळी पुन्हा पुन्हा 'अ‍ॅड' करून चांगल्या डिस्कला दमवू नये. वर सांगितलेला 'डीडीरेस्क्यू'चा मार्ग धरावा.

डिस्क पूर्ण मेली नसून नुसती डळमळीत असेल आणि मदरबोर्डवर तिसरी जागा मोकळी असेल, तर याहून सुरक्षित रीत उपलब्ध आहे. जुनी डिस्क न काढताच नवी 'अ‍ॅड' करावी आणि 'रिप्लेस' पर्यायाने जुने पार्टिशन व 'विथ' पर्यायाने नवे पार्टिशन सांगावे. नवी पूर्ण भरेपर्यंत जुनी मिररमध्येच राहते, त्यामुळे दोन प्रती असण्याचा काळ खंडित होत नाही.

भरल्यानंतर

कंसात दोन यू दिसले की 'ग्रब-इन्स्टॉल' नव्या डिस्कवरही चालवावे. यूईएफआय असेल तर नव्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशन फॅट पद्धतीने तयार करून त्यात जुन्याची प्रत टाकावी आणि 'ईएफआय बूट मॅनेजर'ने तिची नोंद करावी. मिररचा ओळखक्रमांक डिस्क बदलल्याने बदलत नाही, त्यामुळे एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये बहुधा काही बदलावे लागत नाही. बदलले असेल तर डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस', फेडोरा कुळात 'ड्राकट' चालवावे. मग एकदा संगणक बंद करून चालू करावा.

पडताळणीसाठी मिररच्या 'सिंक अ‍ॅक्शन' फाइलमध्ये 'चेक' हा शब्द लिहावा. दोन्ही डिस्क वाचून ताडल्या जातात आणि तफावतीचा आकडा 'मिसमॅच काउंट' फाइलमध्ये येतो. माहितीच्या मिररवर तो शून्य असावा. स्वॅप ज्यावर आहे त्या मिररवर थोडी तफावत दिसणे स्वाभाविक आहे. डेबियन आणि तिच्या कुळातील प्रणाली ही तपासणी महिन्यातून एकदा आपोआप करतात, परंतु त्या वेळी संगणक चालू असला पाहिजे. रोज रात्री बटण बंद करून जाणाऱ्या कार्यालयात ती होत नाही, म्हणून तिची वेळ दिवसाची ठरवावी.

शेवटचे काम सूचनेचे. कॉन्फ फाइलमध्ये 'मेलअ‍ॅडर' या ओळीपुढे पत्ता लिहिला की डिस्क पडताच एमडीएडीएम ईमेल पाठवते, पण संगणकावरून बाहेर मेल जाण्याची सोय लावलेली नसेल तर ते पत्र त्याच संगणकावर पडून राहते. 'मॉनिटर', 'स्कॅन', 'वनशॉट' आणि 'टेस्ट' हे पर्याय एकत्र देऊन चाचणीचे पत्र पाठवावे आणि ते मोबाइलवर आल्याचे स्वतः पाहावे. या ओळीत एकच पत्ता द्यायचा असतो. म्हणून छापखान्याच्या मालकाचा किंवा संगणक पाहणाऱ्या मुलाचा वैयक्तिक पत्ता देण्यापेक्षा दोघांनाही पत्र पोहोचवणारा कार्यालयाचा सामाईक पत्ता द्यावा; तो मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तरी सूचना इथे वाचली जाईल.